श्रवण-अहवाल, गुरुवार

बॅटरी सायकलला बांधून दस्तगीर पहाटेच आलेला,
मानवतच्या जिनिंगवरून, सहा कोस.
पायजम्याला तेजाबाची भोकं.
बॅटरी म्हातारी, दिवसभर पुरली तर पुरली.

तारेचं एक टोक निंबावर, दुसरं जमिनीत पुरलेलं.
तिथं तासातासाला तांब्याभर पाणी घालायचं काम माझं.
झाडाला घालावं तसं घालायचो.

अकरा वाजून वीस. शाळांसाठी कार्यक्रम.
विषय: समुद्र.
धारासूरकर मास्तर निजामाच्या शाळेत शिकलेले,
आता मराठीतून शिकवायचे,
हातचा मात्र अजून उर्दूतच धरायचे.
ते खडू उगारून उभे: चूप.

आधी खरखर. मग एका बाईंचा धुतल्यासारखा आवाज,
“मुलांनो, आता लाटा ऐका.”
ऐकल्या.
खरखर कुठं संपली नि समुद्र कुठं लागला
कुणालाच सांगता येईना.
गवळ्याची कौसा म्हणाली, “गंगेच्या पुरावानी हाय.”
मागून कुणीतरी, “पूर उतरतो की. हे कवा उतरतंय?”
मास्तरांनी ते जसंच्या तसं छापील तक्त्यात घेतलं.
दर शनिवारी हैदराबादला जायचा तो तक्ता:
आवाज बरा, मध्यम, वाईट.
मुलांचे प्रश्न, असल्यास.

दुपारी भाषण, बोंडअळीवर.
पंधरा मिनिटं एक साहेब अळीविषयी
इतक्या अदबीनं बोलले
की ऐकायला आलेल्या तिघांनी बिड्या विझवल्या.
पानाजी उठता उठता म्हणाला,
“मानूस शाना हाय, पर रान बगितल्यालं नाही.”
हे मास्तरांनी लिहिलं नाही.

रात्री नाटक.
बाया पहिल्यांदाच शाळेत आल्या, भिंतीकडच्या सतरंजीवर बसल्या.
कंदील लांब, ओट्यावर.
दस्तगीरचं म्हणणं, उजेडानं आवाज मरतो.

नाटकातलं घर शहरातलं. जिना होता,
कपबश्या होत्या, आणि बापाची छत्री सारखी हरवायची.
छत्रीला सगळे हसले.
मग कळत गेलं, त्या घरातला एक मुलगा
न सांगता निघून गेलाय,
आणि छत्री सोडून दुसरं काही हरवलंय
असं तिथं कुणी म्हणत नाही.

आवाज बारीक होत गेला,
आम्ही पुढं सरकत गेलो.
शेवटी मास्तरांचा कान पेटीच्या जाळीला,
ते सांगतील ते आम्हांला:
“बाप उठला... आई म्हणते, थांबा...
दार वाजतंय.”
तेवढं आम्हीही ऐकलं. टक टक. टक.
आणि बॅटरी गेली.

कुणी हललं नाही.
दस्तगीरनं पेटीला दोन चापट्या मारल्या,
म्हशीला मारतात तशा, मायेच्या.
मग सरजाबाई उठली, जिचा थोरला
पोलीस ॲक्शनच्या वर्षी परभणीला जातो म्हणून गेलेला.
गुडघ्यांवर हात टेकून उठली, पोरं ओलांडली
आणि शाळेचं दार उघडलं.
बाहेर निंब. तार. मी भिजवलेली माती.
ती थोडी बाजूला सरली,
येणाऱ्याला वाट द्यावी इतकी.

तक्त्यात मास्तरांनी लिहिलं:
नाटक. आवाज मध्यम. शेवट पोचला नाही, कृपया कळवावा.
महिन्यानं कार्ड आलं.
अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.

जिनिंगच्या मुनिमानं ते नाटक पुरतं ऐकलं होतं.
दस्तगीरनं त्याला त्याच आठवड्यात विचारलं,
आणि गावात कुणाला सांगितलं नाही.
मला सांगितलं, सरजाबाई जाऊन बारा वर्षं झाल्यावर,
तेही उठून दार ओढून घेऊन.
“दूधवाला होता म्हने,” तो म्हणाला.